लेझर रेंजफाइंडर: पिनपर्यंतचा आकडा आणि मारायचा आकडा

गोल्फमध्ये पार-३ च्या (तीन फटक्यांत पुरा व्हावा अशा होलच्या) टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहून अंतर मोजणारा रेंजफाइंडर डोळ्याला लावायचा, १५२ वाचायचं, '१५० चा' क्लब (चेंडू मारायचा दांडा) काढायचा आणि चेंडू पुढच्या बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, घालायचा, हे मी इतक्या वेळा केलंय की त्याला सवयच म्हणावं लागेल. यंत्र खोटं बोललं नव्हतं, पिन, म्हणजे भोकातली झेंड्याची काठी, खरोखर १५२ यार्डांवर होती. पण माझा '१५० चा' क्लब म्हणजे चेंडू पडून, घरंगळून जिथे थांबतो ते अंतर. हवेतून तो जातो जेमतेम १४३, आणि बंकरचा पलीकडचा काठ होता १४५ वर. हे मला यंत्राने सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

ज्याच्यावर रोखाल त्याचं अंतर लेझर सांगतो. कशावर रोखायचं आणि आलेल्या आकड्याचं काय करायचं, हे मात्र त्याच्या माहितीपत्रकात नीट सापडत नाही. म्हणून हा लेख.

यंत्र मोजतं तरी काय

बटण दाबलं की डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे स्पंद सुटतात, समोरच्या वस्तूवर आपटून परततात, आणि जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. १५० यार्ड म्हणजे सुमारे १३७ मीटर. तेवढं जाऊन परत यायला प्रकाशाला एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. एका यार्डाचा फरक ओळखायचा तर सुमारे सहा नॅनोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. खिशात मावणारी वस्तू हे करते याचं मला अजून नवल वाटतं.

बहुतेक यंत्रं एका यार्डाच्या आत-बाहेर अचूकता सांगतात, आणि आपल्यासारख्यांना ती पुरून उरते. सातच्या आयर्नने (मधल्या पल्ल्याच्या क्लबने) दहा चेंडू मारले तर ते पुढे-मागे वीस-पंचवीस यार्डांत विखुरणार, मग अर्ध्या यार्डाच्या अचूकतेसाठी जास्त पैसे मोजण्यात काय हशील? खरेदी करताना मी आधी काच किती स्वच्छ दिसते ते पाहतो, मग यंत्र हातात कसं बसतं ते, आणि पिन किती चटकन पकडतं ते. बाकीचं नंतर.

मैदानावर जाण्याआधी घरचा अभ्यास

आधी डोळ्याकडच्या काचेभोवतीची कडी फिरवून मधली खूण आणि आकडे स्वच्छ दिसतील असं करून घ्या. ही कडी दूरचं दृश्य जवळ आणत नाही, ती तुमच्या नजरेच्या नंबरासाठी असते. अनेक जण ती वर्षानुवर्षं फिरवतच नाहीत आणि 'यंत्र धूसर आहे' म्हणून कुरकुरतात. चष्मा लावून खेळत असाल तर चष्म्यासकट जुळवा आणि डोळ्याभोवतीचं रबर दुमडून घ्या. ध्रुवीकृत काचांचा गॉगल घातला असेल तर काही यंत्रांवरचे काळे आकडे ठरावीक कोनात गायबच होतात. यंत्र बिघडलं असं समजून बॅटरी बदलायच्या आधी गॉगल काढून पाहा.

मग एकक. यार्ड आणि मीटर यांत सुमारे ९ टक्क्यांचा फरक आहे. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, म्हणजे एक-दीड क्लबचा गोंधळ. बटण चुकून दाबलं जाऊन एकक बदलणं ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून फेरीआधी दीडशेच्या खुणेवर यंत्र रोखून एकदा ताडून घ्या.

आणखी एक तपासणी फार कमी लोक करतात. मागे मोकळं आकाश असेल असा एखादा खांब शोधा. यंत्राची खूण डावीकडून उजवीकडे हळूहळू खांबावरून सरकवा आणि आकडा नेमका कधी येतो ते पाहा. मग हेच खालून वर, एखाद्या आडव्या कठड्यावरून करा. खूण खांबावर असताना आकडा येत असेल तर ठीक. तो खुणेच्या थोडा डावीकडे किंवा वर येत असेल, तर तुमच्या यंत्राचा किरण तिथून जातो हे लक्षात ठेवा. पडून-आपटून जुन्या झालेल्या यंत्रांत हा तिरकेपणा येऊ शकतो, आणि मग पिनवर नेम धरूनही मागच्या झाडांचा आकडा का येतो याचं कोडं सुटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम: आपला कॅरी जाणून घेणं. कॅरी म्हणजे चेंडू हवेतून जाऊन पहिल्यांदा जमिनीला टेकतो ते अंतर. त्याशिवाय रेंजफाइंडर म्हणजे पत्ता माहीत असून खिशात गाडीभाडं किती ते माहीत नसल्यासारखं. सराव मैदानावर एखादी खूण लेझरने मोजा आणि त्या क्लबने दहा-बारा चेंडू मारा. सर्वांत लांब गेलेले दोन सोडा, फसलेले दोन सोडा, उरलेल्यांच्या मधला आकडा लिहून ठेवा. मनाला तो आवडणार नाही. आपल्याला आयुष्यात एकदा वाऱ्यासोबत गेलेला फटका आठवत असतो आणि तोच आपण स्वतःचा आकडा मानतो. सरावाचे चेंडू बहुधा झिजलेले किंवा मुद्दाम कमी जाणारे असतात, म्हणून खरी परीक्षा मैदानावरच होते. ग्रीनवर (पिनभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) चेंडूने पाडलेला खड्डा सापडला की मागे वळून, मोकळं असेल तर, मारल्या जागेजवळच्या एखाद्या झाडावर किंवा खुणेवर यंत्र रोखा. दोन-तीन महिन्यांत सगळ्या क्लबांची खरी यादी तयार होते.

हात स्थिर ठेवण्याबद्दल थोडं विस्ताराने

यंत्रात सगळं सहापट मोठं दिसतं, म्हणजे हाताची थरथरही सहापट. १५० यार्डांवर यंत्र अंशाच्या दहाव्या भागाइतकं हललं तरी खूण पिनपाशी सुमारे २४ सेंटिमीटर सरकते. पिनची काठी त्याच्या तुलनेत कितीतरी बारीक. म्हणून नेम काठीवर धरू नका, फडक्यावर धरा.

दोन्ही कोपर छातीला चिकटवा. एका हाताने यंत्र धरा, दुसऱ्या हाताची बोटं टोपीच्या कडेला टेकवा. श्वास अर्धा सोडून थांबवा आणि बटण दाबा. वारा जोराचा असेल तर एक क्लब जमिनीवर उभा धरून त्याच्या मुठीवर यंत्राचा हात टेकवा, किंवा कार्टच्या (मैदानावर फिरायच्या छोट्या गाडीच्या) खांबाला खांदा लावा. बटण झटक्याने दाबलं की नेमक्या क्षणी यंत्र खाली झुकतं, म्हणून ते हळूच दाबा.

पिन पकडली की झाडं?

पिनच्या मागे झाडं असली की फसगत ठरलेली. किरण काठीच्या बाजूने निसटतो, झाडावर आपटून येतो आणि १५० च्या जागी १७८ दाखवतो. यंत्रात बहुधा 'जवळच्या वस्तूला प्राधान्य' अशी पद्धत असते. आलेल्या अनेक परतींतून ती सर्वांत जवळची निवडते आणि पिन सापडली की हाताला कंप देते. काही पिनांच्या टोकाशी परावर्तक बसवलेला असतो, तिथे काम आणखी सोपं. पण कंप आला म्हणजे पिनच, असं धरून चालू नका. मध्ये लोंबणारी फांदी किंवा पुढच्या उंचवट्यावरचं उंच गवत सापडलं तरी हाच कंप येतो.

माझी रीत उलटी आहे. आधी मुद्दाम मागची झाडं मोजतो, समजा १७८ आले. मग पिन मोजतो. १५० आले तर पिन सापडली. पुन्हा १७७-१७८ आले तर ती निसटली. हे करायला पाच सेकंद लागतात आणि त्या पाच सेकंदांनी माझे कितीतरी चेंडू ग्रीनच्या मागच्या झुडपांतून वाचवलेत. तरीही पिन हाती लागत नसेल तर बटण दाबून धरा आणि यंत्र सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. १७८, १७८, १५०, १७८ असे आकडे पळतात. मध्येच डोकावलेला १५० आपला.

हेही जमलं नाही तर पिनच्या बुडाशी ग्रीनवर रोखा. तिथे किरण फार तिरका पडतो आणि यंत्र कधी कधी रुसतं, पण आकडा आला तर तो चार-पाच यार्डांच्या पलीकडे चुकत नाही.

टीवरून काय मोजायचं

पार-४ च्या टीवरून लोक पिन मोजतात. चारशे यार्डांवरची पिन मोजून काय मिळतं, देव जाणे. तिथे मोजायचे ते धोके. उजवीकडच्या बंकरचा अलीकडचा काठ किती आणि पलीकडचा किती? काठ २१५ आणि २३८ वर असतील आणि ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचा) कॅरी २२० असेल, तर ड्रायव्हर हा बंकरात जाण्याचा सरळ रस्ता आहे. २१५ च्या अलीकडे पडून थांबेल असा क्लब काढायचा, किंवा बंकरच्या रेषेपासून लांबची दिशा धरायची. पलीकडचा काठ मोजताना बंकरच्या उंच मातीच्या भिंतीवर किंवा तिच्या मागच्या झुडपावर रोखा, वाळूवर नको.

पाणी मोजणं आणखी फसवं. शांत पाण्यावर तिरका पडलेला किरण आरशावरून जावा तसा पुढे निघून जातो, परत येतच नाही. पाण्यापलीकडच्या काठावरचा दगड, खुणेची काठी किंवा झाडाचं खोड मोजा आणि ते काठापासून किती मागे आहे ते नजरेने वजा करा. ओलांडायच्या अंतरावर मी दहा यार्ड आणखी धरतो. कॅरी तेवढा नसेल तर पाण्याच्या अलीकडे खेळतो. चेंडू बुडाल्यावर आकडा बरोबर होता म्हणण्यात काही गंमत नसते.

डॉगलेगवर, म्हणजे मध्येच वळणाऱ्या होलवर, कोपऱ्यातलं झाड मोजा, आणि कोपऱ्याच्या सरळ पुढे फेअरवे (ग्रीनकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) जिथे संपतो तिथली झाडंही. पहिला आकडा सांगतो किती गेल्याशिवाय ग्रीन दिसणार नाही, दुसरा सांगतो किती गेलं तर चेंडू पलीकडच्या रानात शिरेल. मारायचा आकडा या दोघांच्या मध्ये.

ग्रीनकडे मारताना

इथे एका आकड्यावर थांबू नका. ग्रीनचा पुढचा काठ, पिन आणि मागचा काठ, असे तीन हवेत. तीस यार्ड खोल ग्रीनवर पिन पुढे आहे की मागे यावरून दोन-तीन क्लबांचा फरक पडतो. पुढचा काठ लेझरने थेट मोजणं अवघड, कारण सपाट गवतावरून परत येणारा प्रकाश क्षीण असतो. पुढच्या बंकरचा ग्रीनकडचा ओठ मोजा, तो बहुधा काठाच्या जवळच असतो. जीपीएस घड्याळ असेल तर पुढचं-मधलं-मागचं त्यावरून घ्या आणि पिन लेझरने. दोन्ही यंत्रं एकमेकांची उणीव भरून काढतात.

समजा पुढचा काठ १३८, पिन १४६, मागचा काठ १६८. सातच्या आयर्नचा कॅरी १४५. मोह सातचाच होणार. पण चेंडू जरासा कमी बसला आणि १३६ गेला की ग्रीनच्या बाहेर. सहाचा कॅरी १५६ असेल तर चांगला बसलेला चेंडू पिनच्या दहा यार्ड मागे पडेल, कमी बसलेला पिनजवळ. मी सहाचा घेतो. ग्रीन मागे उतरती असेल किंवा मागे पाणी असेल तर नाही घेत. याच ग्रीनवर पिन १६३ वर असती तरीही १५६ चाच क्लब घेऊन चेंडूला घरंगळू दिलं असतं, कारण पिनच्या मागे फक्त पाच यार्ड ग्रीन उरतं. आपल्यापैकी बहुतेकांचे चेंडू कमी पडण्याच्या बाजूला चुकतात, आणि पिन जवळ दिसली की आपण ते विसरतो.

चढ-उतार

उताराची दुरुस्ती म्हणजे काटकोन त्रिकोणाचं गणित, असा गैरसमज फार आहे. त्रिकोणाचं गणित इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. १५० यार्डांवरची ग्रीन दहा यार्ड वर असेल तर आडवं अंतर १४९.७ येतं, म्हणजे फरक नाहीच. खरा फरक चेंडूच्या वाटेत पडतो. ग्रीन वर असली की उतरणारा चेंडू तिला लवकर गाठतो, म्हणजे अलीकडेच टेकतो. खाली असली की आणखी थोडा पुढे जाऊन टेकतो.

ठोकताळा असा की जितके यार्ड चढ तितके यार्ड वाढवायचे, जितके उतार तितके कमी करायचे. मधल्या आयर्नचा चेंडू ४५ ते ५० अंशांत उतरतो, त्याला हा नियम चांगला लागू पडतो. ड्रायव्हरचा चेंडू अधिक आडवा येतो, त्यामुळे तिथे फरक थोडा जास्त पडतो. वेजचा (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबचा) चेंडू उभा पडतो, तिथे थोडा कमी.

उताराची सोय असलेलं यंत्र ही दुरुस्ती स्वतः करून 'खेळायचं अंतर' दाखवतं. सरावाच्या फेरीत मी आधी मनात अंदाज बांधतो, चार यार्ड वाढवावेत की आठ, आणि मग बटण दाबतो. सुरुवातीला अंदाज हास्यास्पद असतात, महिनाभरात सुधारतात. हा अभ्यास का हवा ते नियमांच्या भागात येईल. ढोबळ पाठ करून ठेवायचं तर १५० यार्डांवर एक अंश चढ म्हणजे सुमारे अडीच यार्ड.

वारा आणि हवा

इथे यंत्र हात वर करतं. समोरचा वारा जितकं नुकसान करतो तितका पाठीमागचा फायदा करत नाही. प्रचलित ठोकताळ्यानुसार समोरून ताशी १० मैलांचा वारा असेल तर अंतर १० टक्के वाढवायचं, पाठीमागून असेल तर ५ टक्के कमी करायचं. गवताची चिमूट उडवून कळतो तो जमिनीजवळचा वारा. चेंडू झाडांच्या शेंड्यांवरून जाणार आहे, म्हणून शेंडे पाहा, ग्रीनवरचं फडकं पाहा. दोघांची दिशा जुळत नसेल तर मी शेंड्यांवर विश्वास ठेवतो.

उंचीवर हवा विरळ, म्हणून चेंडू जास्त जातो, दर हजार फुटांना एक टक्क्याहून थोडा अधिक. ५,००० फुटांवर हा फरक सहा टक्क्यांच्या घरात जातो. थंडीत हवा दाट होते, चेंडूही कमी उसळतो, आणि स्वेटरमुळे खांदे पुरते वळत नाहीत ते वेगळंच.

नियम

२०१९ च्या नियमांपासून (नियम ४.३) अंतर मोजण्याच्या यंत्रांना सर्वसाधारण परवानगी आहे. त्याआधी ती स्थानिक नियमाने द्यावी लागे, आता उलट झालंय. स्पर्धा समिती हवं तर स्थानिक नियम करून बंदी घालू शकते, म्हणून स्पर्धेचं पत्रक वाचा. मोठ्या स्पर्धांत पीजीए चॅम्पियनशिपने २०२१ साली कियावा आयलंडवर ही यंत्रं वापरू दिली. तीच स्पर्धा ५० वर्षांच्या फिल मिकेल्सनने जिंकली होती.

चढ-उतार मोजणं, किंवा अंतरावरून यंत्राने क्लब सुचवणं, हे मात्र नियमबाह्य. यंत्रात उताराची सोय असली तरी चालते, पण ती बंद हवी. यंत्राने वाऱ्याचा वेग मोजणंही चालत नाही. पहिल्या चुकीला सर्वसाधारण दंड, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) दोन फटके आणि मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकत जातात तिथे) होल गमावणं. दुसऱ्या चुकीला बाद. बाहेरून दिसणारी कळ असलेलं यंत्र घ्या, म्हणजे सोबत्यांनाही ती बंद आहे हे दिसतं आणि वाद होत नाहीत.

सोबत्याला अंतर सांगायला हरकत नाही, ती माहिती नियमांनुसार सल्ल्यात मोडत नाही. 'पिन १४६' बेधडक सांगा. 'मी सहाचा घेतला' हे मात्र सांगू नका, आणि त्याला विचारूही नका.

वेळ

आपली पाळी आली आणि मारायला अडचण नसली की ४० सेकंदांत फटका मारावा अशी नियमांची शिफारस आहे. दुसऱ्याच्या पाळीतच आपला आकडा घ्या. यंत्र पिशवीच्या तळाशी नको, हाताशी हवं. चौघांनी चार यंत्रांनी एकच पिन मोजून १४५ की १४६ यावर चर्चा करणं हा या खेळाचा नवा रोग आहे. दहा यार्डांच्या आतल्या चिपला (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्याला) तर यंत्र काढूच नका, चालत जाऊन ग्रीन बघून या, तेवढ्यात उतारही कळेल.

यंत्र चालत नाही तेव्हा

दाट धुक्यात किरण थेंबांवरूनच परततो आणि भलताच जवळचा आकडा येतो. पावसात पुढची काच ओली असली तरी तेच. पिन उंचवट्यामागे लपली असेल तर उंचवट्याचा माथा मोजा, तिथवर चालत जा आणि तिथून पिन मोजून बेरीज करा. बाजूच्या १००, १५०, २०० च्या खुणाही वापरा. त्या बहुधा ग्रीनच्या मध्यापर्यंतच्या असतात, पण काही ठिकाणी पुढच्या काठापर्यंतच्या, आणि स्कोअरकार्डवर तसं लिहिलेलं असतं. पावलं मोजण्यात कमीपणा नाही. नामवंत गोल्फपटू जॅक निकलसला ही सवय १९६१ च्या यूएस ॲमॅच्युअर स्पर्धेच्या वेळी पेबल बीचवर डीन बीमनने लावली, आणि ती स्पर्धा निकलसने जिंकली. आपलं पाऊल एका यार्डाहून बहुधा थोडं आखूड पडतं, लेझरने पन्नास यार्ड मोजून पावलं ताडून पाहा.

सांभाळ

सूर्याकडे यंत्र रोखून कधीही पाहू नका. लेझर डोळ्यांना धोकादायक नसतो, पण सहापट भिंगातून सूर्य नक्कीच असतो. काच शर्टाच्या टोकाने पुसू नका, धूळ आधी फुंकून मग मऊ कापडाने पुसा. लोहचुंबकावर कार्टच्या खांबाला चिकटवलेलं यंत्र खडबडीत रस्त्यावर पडतं. परतताना ते खांबावर आहे ना, हे दर होलला बघा. बऱ्याच यंत्रांत सीआर-२ नावाची ३ व्होल्टची लिथियम बॅटरी लागते, ती प्रत्येक दुकानात मिळत नाही. एक जास्तीची पिशवीत ठेवा, आणि थंडीत खेळत असाल तर पॅंटच्या खिशात, कारण गारठलेली बॅटरी चौदाव्या होलला मान टाकते.